लहान बेटांवरची विमानसेवा: ऑर्कनीतला आयलँडर, वेळापत्रक आणि चार्टर

मीनल_जी (धागाकर्ती)

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी द्वीपसमूह आहे. तिथे वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही जगातली सर्वांत छोटी नियमित विमानफेरी चालते. अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात वेळ २ मिनिटं, वारा मदतीला असेल तर त्याहूनही कमी. विक्रम ५३ सेकंदांचा आहे. मराठीत याबद्दल जे वाचायला मिळतं ते 'अजब गजब' सदरात मोडतं. पण रोज आठ-दहा माणसांना घेऊन उडणारी, आज वेळापत्रकावर आणि उद्या चार्टरवर (म्हणजे कोणी पूर्ण विमान भाड्याने घेतलं तर) धावणारी ही सेवा उभी कशावर राहते, यावर नीट लिहिलेलं सापडत नाही. म्हणून हा धागा.

विचारायचंय ते असं: प्रवाशांचं वजन का करतात? मोठं विमान का आणत नाहीत? चार्टरच्या बिलात काय काय असतं? आणि आपल्याकडे लक्षद्वीप-अंदमानात हे का जमलेलं नाही? जाणकारांनी आकडे देऊन लिहावं, ही विनंती.

---

खारावारा

आधी रचना सांगतो, मग पुढचं समजायला सोपं जाईल.

कर्कवॉल हे ऑर्कनीचं मुख्य गाव आणि या सेवेचा तळ. तिथून सहा बेटांवर विमान जातं: ईडे, सँडे, स्ट्रॉन्से, वेस्ट्रे, पापा वेस्ट्रे आणि नॉर्थ रोनाल्डसे. विमान ब्रिटन-नॉर्मन आयलँडर, पायलट एक, प्रवासी आठ. सेवा लोगनएअर चालवते. ही कंपनी १९६२मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाने हवाई टॅक्सी म्हणून काढली, आणि बेटांमधली सेवा १९६७पासून आहे. त्याही आधी, १९३३मध्ये, कॅप्टन फ्रेसन यांच्या हायलँड एअरवेजने इन्व्हरनेस–कर्कवॉल मार्ग सुरू केला होता. २९ मे १९३४ला याच मार्गावर ब्रिटनमधली पहिली नियमित देशांतर्गत हवाई टपालसेवा सुरू झाली. थोडक्यात, इथे विमान ही चैन कधीच नव्हती.

वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्यामधली दोन मिनिटांची फेरी स्वतंत्र नसते. कर्कवॉल–वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे–कर्कवॉल अशा त्रिकोणातली ती एक बाजू आहे. दोन्ही बेटांना वेगळं विमान पाठवण्यापेक्षा एका चक्रात दोन्ही उरकली की इंजिनाचे तास वाचतात. म्हणून कधी आधी वेस्ट्रे येतं, कधी पापा वेस्ट्रे, आणि काही फेऱ्यांत ही बाजू नसतेच.

पैसा तिकिटांतून निघत नाही, निघूच शकत नाही. नॉर्थ रोनाल्डसेसारख्या बेटावर शंभराहून कमी वस्ती, आणि बोट आठवड्यातून एक-दोनदा. ऑर्कनीची कौन्सिल निविदा काढते, रोज किती फेऱ्या आणि तिकीट कमाल किती हे ठरवते, आणि तूट भरून देते. याला पब्लिक सर्व्हिस ऑब्लिगेशन, म्हणजे पीएसओ म्हणतात. फिरते शिक्षक, डॉक्टर, दंतवैद्य, मीटर-यंत्रं दुरुस्त करणारे, शहरात तपासणीला निघालेले रुग्ण, हे रोजचे प्रवासी. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता आलं तरच या माणसांचं काम होतं, त्यामुळे फेऱ्यांची वेळ पर्यटकांकडे बघून ठरत नाही.

---

भारसंतुलन

वजनाचा प्रश्न माझ्याकडे घेतो.

आयलँडरच्या बीएन-२बी या आवृत्तीचं कमाल उड्डाणवजन २,९९४ किलो. उपकरणं, आसनं, तेल धरून रिकामं विमान समजा १,९५० किलो (प्रत्येक विमानाचा आकडा वेगळा, तो वजनपत्रावर लिहिलेला असतो). उरले १,०४४. पायलट आणि त्याची बॅग ९० किलो. उरले ९५४.

आता इंधन. दोन्ही इंजिनं मिळून तासाला साधारण ११० लिटर पितात. नॉर्थ रोनाल्डसेची जाऊन-येऊन फेरी ३५-४० मिनिटांची, म्हणजे सुमारे ७० लिटर. पिस्टन इंजिनासाठी अंतिम राखीव ४५ मिनिटांचं, म्हणजे ८३ लिटर. जमिनीवरची धाव, पर्यायी विमानतळ, थोडी आकस्मिक तरतूद असे आणखी ४५-५०. एकूण २०० लिटर धरा. एव्हगॅसची, म्हणजे विमानाच्या पेट्रोलची, घनता ०.७२, तेव्हा १४४ किलो. उरले ८१०.

आठ प्रवासी, सरासरी ८५ किलो: ६८०. सामानाला उरले १३०, माणशी १६ किलो.

हेच गणित जानेवारीत करा. जाड कोट, बूट, थरावर थर कपडे. सरासरी ९२ झाली तर ७३६ किलो, आणि सामानाला राहिले ७४, म्हणजे माणशी ९ किलोच. मोठ्या जेटमध्ये दीडशे माणसांची सरासरी एकमेकांना सांभाळून घेते, तिथे ठरीव प्रमाणवजन चालतं. आठ माणसांत दोन धिप्पाड असले की सरासरी कोलमडते. म्हणून प्रत्यक्ष वजन करतात किंवा विचारून नोंदवतात, आणि पिशवीसकट काट्यावर उभं करतात. यात कोणाचा अपमान नाही.

'टाकी फुल्ल करून उडा, मग चिंता नाही' हेही चालत नाही. सुमारे ४९० लिटर वापरण्याजोगं इंधन भरलं तर ३५३ किलो झाले. प्रवाशांना उरतात ६०१, म्हणजे सात माणसं, तीही बिनसामानाची. लांबचं चार्टर घेताना नेमकं इथेच ग्राहक फसतो. जाहिरातीत 'आठ आसनी' असतं आणि 'इतके किलोमीटर पल्ला' असतं. दोन्ही खरं, पण एकाच वेळी नाही.

अजून एक मुद्दा सहसा कोणी बोलत नाही. दोन मिनिटांच्या उड्डाणात इंधन जळतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे विमान जवळजवळ उड्डाणाच्या वजनानेच उतरतं. पुष्कळ विमानांत उतरण्याची वजनमर्यादा उड्डाणापेक्षा कमी असते. आधीच्या बीएन-२ए आवृत्तीच्या तुलनेत बीएन-२बीमध्ये ही मर्यादा वाढवली, आणि छोट्या उड्या मारणाऱ्या कंपन्यांना त्या बदलाचा खरा फायदा झाला.

---

प्राची२२

कुठे बसायचं तेही पायलटच सांगतो म्हणतात. जोडीने तिकीट काढलं तरी वेगळं बसवतात का?

---

भारसंतुलन

बसवू शकतात. एकूण वजन मर्यादेत असणं ही अर्धी गोष्ट झाली. गुरुत्वमध्यही ठरलेल्या पट्ट्यात हवा. सामानाचा कप्पा मागे आहे. मागे जड सामान आणि मागच्या बाकावर दोन जड माणसं बसली की गुरुत्वमध्य मागे सरकतो, विमान नाक वर करू पाहतं, आणि वेग कमी पडला तर सावरणं अवघड होतं. त्यामुळे जड माणसं पुढे-मधे, हलकी मागे.

आयलँडरला मधून चालायची वाट नाही. बाजूच्या दारांतून थेट बाकावर चढायचं, गाडीत बसतात तसं. एकदा दार लागलं की जागा बदलता येत नाही. म्हणून दार लावण्याआधीच सगळं ठरवतात. नवव्या जागेला परवानगी असेल तिथे तो प्रवासी पायलटशेजारी बसतो. तिथे बसणाऱ्याने कॅमेऱ्याचा पट्टा, बॅग, मफलर सुकाणूत अडकणार नाही हे पाहायचं, आणि पाय पेडलपासून लांब ठेवायचे.

---

नटबोल्ट

मोठं विमान का नाही, याचं उत्तर इंजिनाकडून आणि धावपट्टीकडून देता येईल. पट्टीचं कोणीतरी लिहीलच, मी यंत्राचं लिहितो.

आयलँडर घडवला जॉन ब्रिटन आणि डेझमंड नॉर्मन यांनी, तोही आयल ऑफ वाइटवर, म्हणजे बेटावरच. पहिलं उड्डाण १३ जून १९६५. चाकं आत ओढली जात नाहीत, कायम बाहेर. त्याने वेग थोडा जातो, पण दहा मिनिटांच्या उड्डाणात वेग मिळवून वाचणार किती? उलट चाकं आत-बाहेर करणारी सगळी हायड्रॉलिक यंत्रणा, तिची गळती आणि तिची तपासणी वाचते. मुख्य चाकांच्या प्रत्येक पायाला दोन-दोन टायर आहेत, त्यामुळे मऊ गवतावर भार वाटला जातो. पंख वर असल्याने उडालेली खडी प्रोपेलरला आणि पंखाच्या पोटाला कमी लागते.

आता झीज. मोठी विमानकंपनी तास मोजते, इथे उतरणं मोजायचं. दहा मिनिटांचा टप्पा धरला तर उडण्याच्या दर तासाला सहा वेळा जमिनीवर आपटणं, सहा वेळा ब्रेक, सहा वेळा पूर्ण शक्ती. टायर, ब्रेकच्या चकत्या, पायांतली तेल-हवेची शॉकअॅब्सॉर्बर नळी, इंजिन-माउंटचे रबर, दारांच्या बिजागऱ्या, सगळं तासांच्या हिशेबापेक्षा लवकर झिजतं. तासांवर बेतलेला सुटा माल मागवून ठेवला तर नेमकी गरजेची वस्तू कोठारात नसते. आणि बेटावर सुटा भाग 'उद्या' येत नाही, धुकं हटल्यावर येतो. ब्रेकचे अस्तर, एक चाक टायरसकट, मॅग्नेटो, स्टार्टर, अल्टरनेटर, प्लगचा संच हे तळावर कायम असायलाच हवेत.

इंजिन लायकमिंग ओ-५४०, २६० अश्वशक्तीचं, दोन. पूर्ण उस्तवारीची मुदत २,००० तास. त्याला कार्ब्युरेटर आहे, आणि दमट समुद्री हवेत तोच सगळ्यात मोठा शत्रू. कार्ब्युरेटरच्या गळ्यात हवा फाकते, पेट्रोल वाफ होतं, आणि तापमान २०-३० अंशांनी उतरतं. बाहेर १० अंश असताना आत बर्फ! थंडी कडक नसली तरी दमटपणा पुरतो. उतरताना शक्ती कमी केलेली असते, तेव्हा धोका सर्वाधिक. आयलँडरचा प्रोपेलर स्थिरगती, म्हणजे फेरे आपोआप कायम राखणारा, असल्याने फेरे उतरत नाहीत, आणि फेऱ्यांच्या काट्यावर नजर ठेवणारा फसतो. पडतो तो मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा, दाब. तो हळूहळू घसरताना दिसला की कार्ब्युरेटर हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी झडप) पूर्ण उघडायची, अर्धवट नाही. लगेच इंजिन अडखळतं, कारण वितळलेलं पाणी सिलिंडरमध्ये जातं. घाबरून हीट बंद केली तर बर्फ तिथेच राहतो. अर्धा मिनिट धीर धरायचा, दाब परत चढतो.

---

टर्बोप्रॉप

नटबोल्ट, एक पुरवणी. सगळे आयलँडर कार्ब्युरेटरचे नसतात. ३०० अश्वशक्तीच्या आवृत्तीत आयओ-५४० आहे, त्यात इंधन फवारलं जातं, त्यामुळे हा प्रकार उद्भवत नाही. तिथे पर्यायी हवेचा मार्ग तपासतात. बीएन-२टीमध्ये तर अॅलिसन टर्बाइन आहे.

---

नटबोल्ट

बरोबर. वरचं वर्णन २६० अश्वशक्तीच्या कार्ब्युरेटरवाल्या बीएन-२बी-२६ला धरून आहे, ऑर्कनीत तीच उडतात.

खाऱ्या हवेचं राहिलं. अॅल्युमिनियमच्या जोडांत, रिव्हेटच्या डोक्यांभोवती, पंखातल्या नियंत्रणदोऱ्यांच्या पुलींवर मीठ बसतं. रंग फुगलेला दिसला की आत पांढरी भुकटी असतेच. दिवसाच्या शेवटी गोड्या पाण्याने धुणं हा नियम. प्रेशर-जेट बेअरिंगवर आणि सीलवर मारायचा नाही, नाहीतर ग्रीस निघून मीठच आत जातं. धुतल्यावर निथळू द्यायचं, पंखाच्या खालची निचऱ्याची भोकं मोकळी आहेत का ते तारेने नव्हे, हवेने पाहायचं. आतून गंजरोधक तेलाचा फवारा ठरलेल्या मुदतीने. टर्बोप्रॉप (टर्बाइनने प्रोपेलर फिरवणारं इंजिन) असेल तर रोज काँप्रेसरमधून शुद्ध पाणी फिरवून मीठ काढतात. ते टाळलं तर पात्यांवर थर बसून त्याच शक्तीला तापमान जास्त लागतं, आणि इंजिन मुदतीआधी उतरवावं लागतं.

इंधनाचंही बघा. पिस्टनला एव्हगॅस १००एलएल लागतं, निळ्या रंगाचं, शिसं असलेलं. मोठी विमानं ते वापरत नाहीत, त्यामुळे दूरच्या ठिकाणी केवळ दोन-तीन लहान विमानांसाठी ते बोटीने आणून साठवावं लागतं, आणि दर त्या मानाने चढतो. ट्विन ऑटर हे टर्बाइन इंजिनांचं विमान जेट-ए१ या इंधनावर चालतं, जे बहुतेक विमानतळांवर असतं. पिस्टन स्वस्त की टर्बाइन, याचा निकाल बऱ्याचदा इंजिनाच्या किमतीपेक्षा या टाकीपाशी लागतो.

---

खारावारा

आता धावपट्टी. ऑर्कनीतल्या बाहेरच्या बेटांवर खडी दाबलेल्या किंवा गवताच्या पट्ट्या आहेत, पाचशे मीटरच्या आतबाहेर. पापा वेस्ट्रेला तीन दिशांना तीन आहेत, कारण एकच पट्टी असती तर आडव्या वाऱ्याने निम्मे दिवस वाया गेले असते. लांबी कमी असली तरी दिशा जास्त, हा तिथला हिशेब.

पाचशे मीटर म्हणजे सगळे पाचशे वापरायचे असं नाही. व्यावसायिक उड्डाणात उतरून थांबणं उपलब्ध लांबीच्या ७० टक्क्यांत बसायला हवं, म्हणजे ३५० मीटर. त्यावर गवत ओलं असेल तर आणखी भर. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाच्या सुरक्षापुस्तिकेतले गुणक लक्षात ठेवण्यासारखे आहेत: वजन १० टक्क्यांनी वाढलं तर उड्डाणाचं अंतर १.२ पट, ओलं गवत १.३ पट, आणि मागून वारा उड्डाणवेगाच्या १० टक्के असेल तर १.२ पट. हे बेरजेने नव्हे, गुणाकाराने लागतात. तिन्ही एकदम आले तर १.८७ पट! एवढी मोठी पट्टी बेटावर नाही. मग सामान उतरवतात, नाहीतर प्रवासी दोन फेऱ्यांत नेतात. 'जागा रिकाम्या होत्या तरी घेतलं नाही' ही जी तक्रार असते ती बहुधा अशा दिवसाची.

बॅराचा प्रकार याहून वेगळा. बाह्य हेब्रिडीजमधलं हे बेट, तिथे ट्राय व्होर नावाच्या पुळणीवर ग्लासगोहून येणारं ट्विन ऑटर उतरतं. वाळूवर त्रिकोणात तीन धावपट्ट्या, टोकांना लाकडी खांब, आणि भरतीत तिन्ही पाण्याखाली. त्यामुळे वेळापत्रक रोजच्या भरती-ओहोटीप्रमाणे हलतं. सोमवारची वेळ गुरुवारी नसते. तिथे पुळणीवर चालायला जाणाऱ्याने वाऱ्याची पिशवी बघायची: ती उभारलेली असेल तर विमानतळ चालू, पुळणीवर पाऊल टाकायचं नाही.

---

केळशीकर

सबाचं कोणी लिहिलं नाही. कॅरिबियनमधलं डच बेट, धावपट्टी सुमारे ४०० मीटर, दोन्ही टोकांना कडा आणि खाली समुद्र. जेटला वाव नाही. १९६१मध्ये स्थापन झालेली विनएअर सिंट मार्टेनहून ट्विन ऑटर आणते, जेमतेम पाव तासाचं उड्डाण. तिथे पायलटला नुसता परवाना पुरत नाही, त्या धावपट्टीसाठी वेगळी पात्रता लागते. अशा कंपनीत पायलट सोडून गेला की दुसरा आणून लगेच बसवता येत नाही, हा खर्च बाहेरच्यांना दिसत नाही.

ट्विन ऑटर १९ आसनी असण्यालाही कारण आहे. २०वं आसन लावलं की केबिन क्रू ठेवणं बंधनकारक होतं. एका माणसाचा पगार, प्रशिक्षण आणि त्याचं स्वतःचं वजन. म्हणून बाजारात १९चा कप्पा घट्ट भरलेला आहे आणि २०-३०चा ओस.

---

टर्बोप्रॉप

आणि इकडे सिलीचा नमुना अभ्यासण्यासारखा आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी ही बेटं. स्कायबस ही विमानकंपनी बोट चालवणाऱ्या कंपनीचीच. आयलँडर आणि ट्विन ऑटर दोन्ही आहेत, लँड्स एंडहून वीस मिनिटांत सेंट मेरीज. धुकं बसलं तर प्रवाशांना बसने न्यूकीच्या विमानतळावर नेतात किंवा हंगामात पेन्झान्सच्या बोटीवर चढवतात. विमान आणि बोट एकाच मालकाची असल्याने हे वळवणं भांडणाविना होतं. हिवाळ्यात प्रवासी बोट बंद असते, तेव्हा हा आधार नसतो.

लँड्स एंडच्या पट्ट्या पूर्वी गवताच्या होत्या. लागोपाठ दोन पावसाळी हिवाळ्यांत पाणी साचून विमानतळ बंद पडला, मग २०१४मध्ये डांबरी केल्या. मोठं विमान घेण्यापेक्षा आहे त्या विमानाला कोरडी जमीन देण्यात जास्त फायदा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. विमान बदललं की पायलट, मेकॅनिक, सुटे भाग, अग्निशमनाची श्रेणी सगळं बदलतं. पट्टी सुधारली की फक्त पट्टी सुधारते.

---

हिशेबनीस

चार्टरच्या बिलाबद्दल मीनल_जींनी विचारलंय. दर सांगत नाही, ते इंधनाबरोबर हलतात. पण बिलाचा सांगाडा ठरलेला आहे.

पहिली ओळ ब्लॉक तासांची. इंजिन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंतचा वेळ, हवेतला नव्हे. लहान टप्प्यात हा फरक मोठा असतो: हवेत दहा मिनिटं, ब्लॉक सोळा.

दुसरी ओळ मोकळ्या फेरीची. तळ कर्कवॉलला आणि तुम्हाला अॅबर्डीनहून पापा वेस्ट्रेला जायचंय, तर विमान कर्कवॉलहून अॅबर्डीनला रिकामं जाणार, पाऊण तासाच्या पुढे. तुम्हाला सोडून परत कर्कवॉलला. या सगळ्याचे पैसे तुमचे. त्यामुळे 'अॅबर्डीनहून चार्टर मागवू नका. कर्कवॉलपर्यंत नियमित विमानाने किंवा बोटीने या आणि तिथून चार्टर घ्या' हा सल्ला प्रामाणिक कंपनी स्वतःहून देते. न देणाऱ्याकडे परत जाऊ नये.

तिसरी ओळ जमिनीवरची: उतरण्याचं शुल्क, हाताळणी, आणि विमानतळ नेहमीच्या वेळेबाहेर उघडायला लावला तर त्याचं वेगळं. लहान बेटावर अग्निशमनाचं पथक म्हणजे गावातलीच प्रशिक्षण घेतलेली माणसं. कोणी शेतावर असतं, कोणी दुकानात. त्यांना बोलवायचं तर किमान तासांचं मानधन. संध्याकाळी सातला निघायचा हट्ट धरला की ही ओळ फुगते.

चौथी, थांबण्याचं शुल्क. विमान तीन तास तुमच्यासाठी उभं राहिलं तर दुसरं काम बुडालं. कधी कधी परत पाठवून पुन्हा बोलावणं स्वस्त पडतं. दोन्ही दर मागून घ्यावेत.

कंपनीच्या बाजूने पाहिलं तर वेळापत्रकातली विमानं सकाळ-संध्याकाळ गुंतलेली असतात, दुपारी उभी. विमा, हँगर, पायलटचा पगार उभ्या विमानालाही लागतो. दुपारचं चार्टर त्यावर तेवढाच उतारा: पवनचक्कीचे तंत्रज्ञ, पशुवैद्य, टीव्हीचे लोक, अंत्यविधीला निघालेलं कुटुंब. पण चार्टरच्या मोहात वेळापत्रकाची संध्याकाळची फेरी उशिरा सुटली तर करारातला दंड बसतो आणि शिक्षक बेटावर अडकतो. म्हणून चार्टर स्वीकारताना परतीच्या वेळेत किमान तासाभराची सैल जागा ठेवतात, आणि विमान नादुरुस्त झालं तर चार्टर रद्द, वेळापत्रक नाही, हे आधीच लेखी देतात.

सगळ्यांत महत्त्वाचं: चार्टर घेताना कंपनीचं एअर ऑपरेटर सर्टिफिकेट (पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना) मागा, आणि त्यात ते विशिष्ट विमान आहे का पाहा. जानेवारी २०१९मध्ये फुटबॉलपटू एमिलियानो सालाचं एकइंजिनी विमान ग्वेर्नसीजवळ समुद्रात पडलं. त्या पायलटकडे व्यावसायिक परवाना नव्हता आणि ते उड्डाण परवानगीविना पैसे घेऊन केलेलं होतं. 'ओळखीतला पायलट आहे, निम्म्यात नेतो' असं कोणी म्हटलं की तिथेच नाही म्हणायचं.

---

प्राची२२

हिशेबनीस, भारतात हे कुठे तपासायचं?

---

हिशेबनीस

डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर नॉन शेड्यूल्ड, म्हणजे चार्टरच्या, परवानाधारकांची यादी असते, विमानाच्या नोंदणीक्रमांकासह. व्हीटी- ने सुरू होणारा क्रमांक कंपनीकडून लेखी घ्या आणि यादीशी ताडा. या परवान्यावर वेळापत्रक जाहीर करून नियमित सेवा चालवता येत नाही. त्यासाठी वेगळा परवाना लागतो, लहान विमानांसाठी शेड्यूल्ड कम्युटरचा.

---

केळशीकर

लक्षद्वीपचं उत्तर सरळ आहे: धावपट्टी एकच, अगत्तीला, सुमारे १,२०० मीटर. १९८८मध्ये सुरू झाली. कोचीहून एटीआर हे प्रोपेलरचं विमान येतं, तेही पूर्ण भारानिशी नाही. बाकी बेटांवर जहाज किंवा हेलिकॉप्टर. ऑर्कनीत प्रत्येक बेटावर पाचशे मीटरचं शेत मोकळं सापडलं. लक्षद्वीपची बेटं अरुंद, दाट वस्तीची, नारळीने भरलेली, आणि भोवती जपायलाच हवीत अशी प्रवाळं. त्यामुळे ऑर्कनीचा नमुना तिथे उचलून ठेवता येणार नाही.

अंदमानात जलविमानाचा प्रयोग झाला. पवन हंस या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीच्या 'जल हंस' सेवेचं उद्घाटन डिसेंबर २०१०मध्ये आपल्या जुहूलाच झालं, विमान सेसना कॅरॅव्हॅन. ती टिकली नाही. एकाच विमानावर सेवा उभी केली की ते देखभालीला गेलं की सेवा बंद, आणि दोनदा बंद झालं की लोक बोटीचंच तिकीट काढतात. ऑर्कनीत दोनाहून कमी विमानं ठेवून हा करार पाळताच येणार नाही.

उडान योजनेतही तूट भरून देतात, पण ठरावीक वर्षांपुरती, मार्ग पुढे स्वतःच्या पायावर उभा राहील या अपेक्षेने. बेटाच्या बाबतीत ती अपेक्षाच चुकीची आहे. वस्ती वाढणार नाही, समुद्र आटणार नाही. रस्त्याच्या देखभालीसारखी ही तरतूद कायमची हवी, हे मी ठामपणे म्हणेन.

एक अभिमानाची गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. इंग्लिश खाडीतल्या चॅनल बेटांवरच्या ऑरिनी या विमानकंपनीने १९७१पासून उडणारी तीन इंजिनांची ट्रायलँडर २०१७पर्यंत निवृत्त केली आणि त्यांच्या जागी डॉर्निअर २२८ आणली, त्यात नव्या पिढीचंही. त्या नव्या पिढीच्या डॉर्निअरचा सांगाडा आणि पंख कानपूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बनलेले. अरुणाचलात १२ एप्रिल २०२२ला दिब्रुगड–पासीघाट मार्गावर सुरू झालेली अलायन्स एअरची सेवाही कानपूरच्याच डॉर्निअरची.

---

मीनल_जी

विजेच्या विमानांबद्दल? दोन मिनिटांच्या, पंधरा मिनिटांच्या फेऱ्यांना बॅटरी सगळ्यात आधी जमायला हवी ना?

---

भारसंतुलन

वाटतं खरं तसं. पण वरचा इंधनाचा हिशेब पुन्हा पाहा: फेरीला ७० लिटर, आणि राखीव, पर्यायी वगैरे मिळून १३०. म्हणजे उडण्यापेक्षा न वापरायचं इंधनच जास्त. पेट्रोलचं राखीव शंभरेक किलोत भागतं. तेवढीच ऊर्जा आजच्या बॅटरीत साठवायची तर कितीतरी पट वजन, आणि ते उतरतानाही कमी होत नाही. वेस्ट्रेहून पापा वेस्ट्रे गाठायला बॅटरी सहज पुरेल. पण पापा वेस्ट्रेवर अचानक धुकं आलं तर कर्कवॉलला परतून तिथे घिरट्या घालायलाही पुरायला हवी. २०२१मध्ये कर्कवॉलहून मुख्य भूमीवरच्या विक गावापर्यंत संकरित विद्युत विमानाची चाचणी उड्डाणं झाली, त्यात एक इंजिन पेट्रोलचंच होतं. माझ्या मते आधी संकरितच येईल, आणि राखीव भाग पेट्रोलवर राहील.

---

प्राची२२

शेवटचं विचारते. लंडन-एडिंबरोत राहणारे मराठी लोक आणि इथून जाणारे, त्यांनी पापा वेस्ट्रेची फेरी करायची तर काय लक्षात ठेवावं?

---

खारावारा

१. आधी अंतर्गत वेळापत्रक उघडा, मग कर्कवॉलचं तिकीट काढा. कोणत्या फेरीत वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे बाजू आहे, आणि कोणत्या दिशेने, हे आठवड्याच्या दिवसानुसार बदलतं.

२. आठच जागा असतात. उन्हाळ्यात बऱ्याच आधी भरतात. बेटावर एक रात्र राहणाऱ्यांसाठी सवलतीचं तिकीट असतं ते विचारा. सकाळी जाऊन लगेच परतणाऱ्यांपेक्षा बेटाला त्याचा उपयोग जास्त.

३. सामान मऊ पिशवीत, दहा किलोच्या आत. चाकांची कडक सुटकेस मागच्या कप्प्यात तिरकी बसते आणि दुसऱ्याची जागा खाते. बाकी सामान कर्कवॉललाच ठेवा.

४. वजन विचारलं तर कोट-बूट-कॅमेऱ्यासकट खरं सांगा.

५. त्याच दिवशी कर्कवॉलहून पुढचं लंडनचं विमान पकडायचा बेत करू नका. एक दिवस मधे ठेवा. धुकं आलं तर वेस्ट्रेहून कर्कवॉलकडे जाणाऱ्या बोटीची वेळ आधीच लिहून ठेवलेली असावी.

६. बेटावर नॅप ऑफ हॉवर आहे, इ.स.पू. ३७०० च्या सुमारापासूनचं दगडी घर, उत्तर युरोपातलं सर्वांत जुनं उभं घर मानतात. विमानपट्टीहून चालत जाता येतं. वारा जबर असतो, छत्री नेऊ नका.

आणि मालदीवला जाणाऱ्यांसाठी, कारण तिकडे आपली मंडळी जास्त जातात: जलविमानं फक्त उजेडात उडतात. दुपारी साडेतीन-चारनंतर मालेला उतरलात तर ती रात्र तिथेच. सामान साधारण २० किलो आणि हातात ५ किलो, वर गेलं तर पैसे, आणि वजन जास्त झालं तर बॅग मागाहून येणाऱ्या विमानाने. औषधं आणि लहान मुलांचं खाणं हातातल्या पिशवीतच ठेवा.